इनाम जमीन आणि वतन जमीन : खानदेशात जागा घेण्यापूर्वी कळायला हवा असा फरक

जळगाव, धुळे किंवा अमळनेरच्या शिवाराला लागून असलेली शेती प्लॉट पाडण्यासाठी विकायला निघाली की "जमीन इनाम-वतनाची आहे" असे सरसकट सांगितले जाते आणि घेणारा एक तर घाबरतो, नाही तर दलालाच्या भरवशावर सौदा पावती करून मोकळा होतो. वास्तविक हे दोन प्रकार वेगळे आहेत आणि आजच्या व्यवहारावर त्यांचे होणारे परिणाम जवळजवळ उलटे आहेत.

इनाम म्हणजे राजसत्तेने सारा पूर्ण किंवा अंशतः माफ करून दिलेली जमीन. तिच्या बदल्यात सहसा रोजची चाकरी अपेक्षित नसे. याच्या वरच्या पायरीवर सरंजाम आणि जहागिरी येतात. झाशीच्या नेवाळकर घराण्याकडे असलेली पारोळ्याची जहागीर हे त्यातले खानदेशातले ठळक उदाहरण असून, ती १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जप्त केली. वतन मात्र कामाशी बांधलेले होते. पाटील वसुलीला जबाबदार, कुलकर्णी दप्तराला, तर महार आणि जागल्या (गावचा राखणदार) हे गावाच्या व सरकारच्या सेवेला. खानदेशात जागल्याचे काम अनेक गावांत भिल्लांकडे होते. जमीन ही त्या चाकरीची पोटगी असल्यामुळे ती वतनदाराच्या घराण्याबाहेर जाऊ नये, असा १८७४ च्या वतन कायद्याचा रोख होता.

खरा फाटा फुटला तो स्वातंत्र्यानंतर. १९५२ च्या कायद्याने वैयक्तिक इनामे रद्द झाली, तेव्हा साऱ्याची माफी गेली, पण जमीन धारकाकडे भोगवटादार म्हणून राहिली. त्यामुळे अशी जमीन साधारणपणे भोगवटादार वर्ग १ मध्ये, म्हणजे धारकाला सहसा सरकारी परवानगीशिवाय विकता येणाऱ्या जमिनींत आढळते. कुलकर्णी वतने १९५० च्या, कनिष्ठ गाववतने (महार, जागल्या यांच्यासारखी) १९५८ च्या आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली, तेव्हा जमिनी आधी सरकारजमा झाल्या आणि मग कब्जेहक्काची रक्कम भरून घेऊन मूळ वतनदारांना नवीन व अविभाज्य शर्तीवर, म्हणजे परवानगीशिवाय विकायची किंवा वाटून घ्यायची नाही या अटीवर, परत देण्यात आल्या. या परत देण्याला महसूल खात्यात रीग्रँट म्हणतात आणि ती जमीन वर्ग २ मध्ये, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेल्या जमिनींत जाते. पुढे काही वतनांच्या बाबतीत शेतीसाठीच्या विक्रीला सवलत मिळाली, तरी बिनशेती करायची म्हटली की नजराणा, म्हणजे परवानगीसाठी सरकारला भरायची रक्कम, आलाच. तो न भरता पाडलेल्या प्लॉटांवर शर्तभंगाची टांगती तलवार राहते, आणि त्याचा भुर्दंड बहुधा मूळ विक्रेत्यावर नव्हे, तर शेवटच्या घेणाऱ्यावर पडतो, हे मला या साऱ्या व्यवस्थेतले सर्वांत अन्यायकारक वाटते.

देवस्थान इनाम मात्र रद्द झालेले नाही. तिथे सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून देवाचे नाव असते आणि पुजारी हा केवळ वहिवाटदार असतो. त्याने करून दिलेल्या खरेदीखताने मालकी मिळत नाही.

नंदुरबारकडे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर निर्बंध घालणारे जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ हा स्वतंत्र विषय आहे. जमीन वर्ग १ ची असली तरी ते निर्बंध सुटत नाहीत.

तपासणी करताना केवळ चालू सातबाऱ्यावर थांबू नये, कारण "नवीन शर्त" हा इतर हक्कांतला शेरा पुनर्लेखनात किंवा संगणकीकरणात गळालेला असू शकतो. वर्ग २ च्या जमिनींची नोंद गाव नमुना १-क मध्ये, तर दुमाला म्हणजे इनामी जमिनींची नोंद गाव नमुना ३ मध्ये मिळते. त्यासोबत १९५० नंतरचे फेरफार क्रमाने काढून रीग्रँटचा आदेश कोणत्या कायद्याखाली झाला आणि नजराण्याचे चलन जोडलेले आहे का, हे पाहावे. चलन नसेल, तर "परवानगी पुढे काढून देऊ" या तोंडी आश्वासनावर इसार देऊ नये.