उडत्या तबकड्यांमागचे घरगुती फुगे

२७ ऑगस्ट १७८३ रोजी जाक शार्ल यांनी पॅरिसमधून हायड्रोजनचा फुगा सोडला. पाऊण तासाने तो गोनेस नावाच्या खेड्यात उतरला आणि गावकऱ्यांनी राक्षस समजून दाताळ्यांनी त्याच्या चिंध्या केल्या. शेवटी फ्रेंच सरकारला पत्रक काढावं लागलं: ग्रहण लागलेल्या चंद्रासारखं काही आकाशात दिसलं तर भिऊ नका, ते कापडाचं यंत्र आहे. (हैदराबादहून टीआयएफआर या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संशोधन-फुगे सुटतात तेव्हा आजही अशा सूचना निघतात, मराठवाडा-विदर्भातल्या लोकांसाठीसुद्धा. फक्त आता रोख ‘भिऊ नका’पेक्षा ‘हात लावू नका’वर असतो.)

फुग्याची करामत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. बदलली ती बघणाऱ्यांची भीती. १८९६-९७ मध्ये अमेरिकेत आकाशातला दिवा म्हणजे कुणा अज्ञात संशोधकाचं हवाई जहाज ठरत होतं. १९०९ मध्ये ब्रिटनमध्ये तेच ‘झेपेलिन’ नावाचं जर्मन हवाई जहाज झालं. जून १९४७ मध्ये केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला आकाशात तबकड्या दिसल्याची बातमी छापून आली आणि त्यानंतर सगळ्यांना तबकड्याच दिसू लागल्या.

पोरांच्या हाती खरं साधन आलं ते ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून. कपड्यांवर घालतात ती पातळ प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाशी आडव्या-उभ्या स्ट्रॉ आणि त्यांवर वाढदिवसाच्या मेणबत्त्या. पिशवी वजनाला इतकी हलकी की आतली हवा तापली की झालं. अमेरिकी हवाई दलाच्या पैशाने कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड कॉन्डन यांच्या समितीने तबकड्यांचा अभ्यास केला, तेव्हा अशी प्रकरणं तिच्याही समोर आली. १९६८ च्या जानेवारीत कोलोरॅडोतल्याच एका गावावरून मोठा प्रकाशमान गोळा तरंगत गेल्याचं अनेकांनी सांगितलं. त्यातून जळते तुकडेही गळाले होते. चौकशीत निघाली ती मुलांनी सोडलेली पिशवी.

साक्षीदार खोटं बोलत नव्हते. काळोखात एकट्या दिव्याच्या शेजारी मापाला काहीच नसतं, त्यामुळे आकार, अंतर आणि वेग हे तिन्ही अंदाज एकमेकांच्या आधाराने चुकतात. मेणबत्ती विझली की ‘क्षणात दिसेनासं झालं’. चार फुगे एकाच वाऱ्यात सापडले की ‘रांगेत उडत होते’.

२००९ मध्ये न्यू जर्सीतल्या मॉरिस परगण्यात दोन तरुणांनी हे मुद्दाम करून दाखवलं: हेलियमच्या फुग्यांना रस्त्यावरच्या अपघातात वापरतात तसे लाल फ्लेअर (उजेडासाठी जाळायची नळकांडी) बांधून सोडले. टीव्हीवर तज्ज्ञांची चर्चा झडली. १ एप्रिलला दोघांनी कबुली दिली. पुढे दंड आणि समाजसेवेची शिक्षा झाली. त्याच वर्षी ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाकडे आकाशात अनोळखी वस्तू दिसल्याच्या सहाशेहून अधिक नोंदी आल्या. लग्नसमारंभांत चिनी उडते कंदील सोडायची टूम तेव्हा भरात होती. वर्षअखेरीस मंत्रालयाने अशा नोंदी घेणारा विभागच बंद केला.

सगळ्यात महागडा गोंधळ अलीकडचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये चिनी हेरफुगा पाडल्यावर अमेरिकेने रडार अधिक बारकाईने लावले आणि बारीकसारीक गोष्टीही दिसू लागल्या. ११ तारखेला कॅनडातल्या युकॉनवर एफ-२२ विमानाने एक अनोळखी वस्तू पाडली. त्या क्षेपणास्त्राची किंमत चार लाख डॉलरहून अधिक. इलिनॉयच्या हौशी रेडिओवाल्यांचा एक छोटा फुगा आदल्याच दिवशी अलास्काजवळ, जवळपास ३९,००० फुटांवर होता आणि वाऱ्याच्या अंदाजाप्रमाणे दुसऱ्या दिवशी युकॉनवर पोहोचणार होता. अवशेष सापडले नाहीत, आठवडाभरात शोध थांबला. क्लबने आपल्या फुग्यापुढे ‘बेपत्ता’ एवढीच नोंद केली.