वेबसाइट ऑडिट : अहवालातील तपशिलाचे प्रमाण

संकेतस्थळाचा वेग, गूगलमधील दिसणे, दुवे, मजकूर, सुलभता वगैरे तपासून ग्राहकाला लेखी अहवाल देणे म्हणजे वेबसाइट ऑडिट. तपासणी बरीचशी सॉफ्टवेअरच करते. सापडलेल्यातले काय आणि किती ग्राहकापुढे ठेवायचे, हे ऑडिट करणाऱ्याला ठरवावे लागते.

संकेतस्थळाची पाने एकेक करून तपासणाऱ्या स्क्रीमिंग फ्रॉग या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती ५०० यूआरएलपर्यंतच (पत्त्यांपर्यंतच) चालते, पण तेवढ्यातूनही नोंदींचा ढीग निघतो. तो जसाच्या तसा पीडीएफमध्ये ओतला की अहवाल जाडजूड दिसतो. वाचत कोणी नाही. तीनशे चित्रांना पर्यायी मजकूर (चित्र न दिसल्यास त्याजागी वाचला जाणारा) नसेल, तर चूक बहुधा एका टेम्प्लेटमध्येच, म्हणजे अनेक पानांच्या सामाईक साच्यात, असते. अहवालात तिची एक नोंद आणि नमुन्यादाखल संकेतस्थळावरची दोन-तीन पाने पुरतात; पूर्ण यादी सोबतच्या एक्सेल शीटमध्ये जाते.

अहवाल वाचणारे दोघे असतात. मालकाला आधी काय दुरुस्त करायचे आणि खर्च किती, हे हवे असते, तर डेव्हलपरला नेमकी जागा. ‘साइट स्लो आहे’ हे दोघांच्याही कामाचे नाही. ‘मोबाइलवर मुखपृष्ठाचा एलसीपी ४.८ सेकंद, वरचा बॅनर ३ एमबीचा पीएनजी आहे, तो वेबपी या हलक्या चित्रप्रकारात लहान करून टाकावा’ अशी नोंद दोघांनाही कळते. एलसीपी म्हणजे पानावरचा सर्वांत मोठा घटक दिसायला लागणारा वेळ; गूगलच्या निकषात २.५ सेकंदांपर्यंतचा चांगला, ४ च्या पुढचा वाईट. लाइटहाउस या गूगलच्या तपासणी-साधनाचे गुण मात्र ते लागोपाठ दोनदा चालवले तरी बदलतात. म्हणून आकड्याशेजारी तारीख आणि मोबाइल की डेस्कटॉप हे लिहावे लागते.

काम मिळण्याआधीच्या मोफत ऑडिटचे गणित वेगळे. सगळे उपाय लिहून दिले तर ग्राहक तोच कागद स्वस्तातल्या माणसाला नेऊन देतो, ही धंद्यातली जुनी तक्रार. त्यामुळे तिथे दोन-तीन ठळक दोष स्क्रीनशॉटसह दाखवून थांबतात. नुसती भीती घालणारे लाल आकडे पाठवण्याची पद्धतही आहे. ती ऑडिट नव्हे, जाहिरात.

सुरक्षा ऑडिटमध्ये अशी काटछाट चालत नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी हे काम सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या पॅनेलवरील संस्था करतात. प्रत्येक त्रुटी तीव्रता, पुरावा आणि उपायासह नोंदवली जाते, कारण दुरुस्तीनंतरच्या फेरतपासणीत तीच नोंद पुन्हा उघडून पाहिली जाते.