नाव पुसलं, भाडेकरू आतच

"अहो, फोल्डर रिकामा आहे. आणि मशीन म्हणतंय, डिस्क भरली. आता कशानं भरली ते तुम्हीच येऊन सांगा."

फोन नारायण पेठेतल्या एका छोट्या पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा. जुलैतला सोमवार, सकाळचे साडेदहा, काउंटरवर पेन्शनरांची रांग आणि एकही भरणा नोंदला जात नव्हता. मी कोथरूडहून रेनकोट चढवून निघालो, म्हात्रे पुलावर अडकलो, आणि पोचेपर्यंत त्यांच्या हार्डवेअरवाल्या पोरानं सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला होता. डिस्क 100 टक्क्यांवरून थेट 34 वर! "मशीन दमलं होतं, काका," तो म्हणाला. रॅकच्या दाराला लिंबू-मिरची टांगलेली होती. थोडं श्रेय तिच्याही पदरात पडलं.

मशीन दमत नसतं. पण रीस्टार्टनं जागा मोकळी झाली, हे खरं होतं. त्यामागचं कारण म्हणजे युनिक्स या संगणक-प्रणालीतली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. म्हणून हा लेख.

झालं होतं असं. त्यांच्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये कोणीतरी 'जनरल लॉग' चालू करून ठेवला होता. डेटाबेसला कोणी काय विचारलं, काय बदलायला सांगितलं, त्याची ओळीवार डायरी. ती वाढतच जाते. मग दुसऱ्या कोणीतरी पाच ओळींची स्क्रिप्ट लिहिली: दर रविवारी रात्री ही फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवायची आणि तिथे दाबून ठेवायची. पहिल्या रविवारी काम झालं. त्यानंतर लॉगची फाइल फोल्डरमध्ये पुन्हा दिसलीच नाही, आणि सगळ्यांना वाटलं, बला टळली. पुढच्या रविवारपासून स्क्रिप्ट 'फाइल सापडत नाही' अशी तक्रार करत होती, पण क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, ती तक्रार रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या, टपालपेटीत टाकतो, आणि ती पेटी कोण उघडतं?

आपल्या डोक्यात चित्र असं असतं की फोल्डर म्हणजे पेटी आणि फाइल म्हणजे पेटीतली वस्तू. वस्तू काढली की पेटीत जागा झाली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 नंतर बेल लॅब्समध्ये युनिक्स घडवलं तेव्हा हे चित्रच मोडलं, आणि आजचं लिनक्स, जे पतसंस्थेच्या सर्व्हरवर होतं, त्यांच्याच वाटेनं चालतं. तिथे फोल्डर म्हणजे नुसती यादी. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला एक क्रमांक. तो क्रमांक असतो 'आयनोड'चा. फाइल केवढी, मालक कोण, डिस्कवरचे कुठले ठोकळे तिच्या ताब्यात आहेत, हे सगळं आयनोडमध्ये लिहिलेलं असतं. गंमत म्हणजे फाइलचं नाव मात्र त्यात नसतं. त्यामुळे एका फाइलला दोन नावं असू शकतात. आणि शून्यही.

पेठेतला जुना वाडा आठवा. दिंडी दरवाज्याशी भाडेकरूंच्या नावांच्या पाट्या. मालकानं रागानं एक पाटी उपटून काढली, म्हणून खोली रिकामी होते का? आत माणूस राहतोय, चूल पेटतेय. पुण्यात हे वेगळं समजावून सांगायला नको. पाटीही नाही आणि आत माणूसही नाही, अशी अवस्था आली तरच ती खोली मालकाला परत मिळते.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नेमके हेच दोन हिशेब ठेवतो. या आयनोडकडे बोट दाखवणारी नावं किती, हा आकडा आयनोडमध्येच, डिस्कवर असतो. ही फाइल आत्ता किती प्रोग्रॅमांनी उघडून धरली आहे, हा आकडा मेमरीत असतो. दोन्ही शून्य झाले की मगच ठोकळे मोकळे. आपण फाइल पुसायला 'आरएम' ही आज्ञा देतो तेव्हा आत कर्नलला जी हाक जाते तिचं नावही 'अनलिंक' आहे, 'डिलीट' नाही. दुवा तोडा, एवढंच. विंडोज बहुतेक वेळा 'ही फाइल वापरात आहे' म्हणून अडून बसतं; लिनक्स मुकाट्यानं पाटी काढून देतं. मायएसक्यूएल स्वतःच्या तात्पुरत्या फाइली तर मुद्दाम उघडल्या-उघडल्या अनलिंक करतं, म्हणजे प्रोग्रॅम मेला तर मागे कचरा राहत नाही.

आता 'एमव्ही', म्हणजे हलवणं. एकाच फाइल-सिस्टिममध्ये, म्हणजे ढोबळपणे एकाच डिस्कवर, हलवलं तर फक्त पाटी बदलते, आयनोड तोच. दुसऱ्या डिस्कवर हलवलं तर पाटी तिकडे नेता येत नाही, कारण आयनोडचे क्रमांक ज्या त्या फाइल-सिस्टिमचे. म्हणून 'एमव्ही' तिकडे नवी प्रत करतं आणि इकडची अनलिंक करतं. पतसंस्थेत हेच झालं. दुसऱ्या डिस्कवर प्रत गेली, जुन्या फाइलचं नाव गेलं, आणि मायएसक्यूएल त्या बिननावाच्या फाइलीत पाच आठवडे लिहीत राहिलं. 'डीयू' ही आज्ञा नावं धरून फिरते आणि बेरीज करते, म्हणून तिला काही सापडेना. 'डीएफ' थेट फाइल-सिस्टिमला विचारते, म्हणून ती 100 टक्के सांगत होती. दोघींच्या उत्तरांतली तफावत दिसली की समजायचं, कोणीतरी बिनपाटीचा आत आहे. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या 'एलसॉफ'ला 'अधिक एल वन' असं सांगितलं तर तो अशी पाटी गेलेली, पण अजून उघडी असलेली फाइल पकडूनही देतो.

रीस्टार्टनं मायएसक्यूएल थांबलं, दुसरा आकडा शून्य झाला, जागा सुटली. त्याबरोबर पाच आठवड्यांची डायरीही गेली. रीस्टार्टआधी मी पोचलो असतो तर 'प्रॉक' फोल्डरमधून, त्या प्रक्रियेच्या उघड्या फाइलींच्या यादीतून, ती वाचून दुसरीकडे उतरवून घेता आली असती. म्हात्रे पुलाची कृपा.

मग स्क्रिप्ट लिहायची कशी? आधी त्याच फोल्डरमध्ये नाव बदला. मायएसक्यूएल बदललेल्या नावाच्या फाइलीत लिहीत राहतं, एक ओळही सांडत नाही. मग 'फ्लश लॉग्ज' सांगा. ते जुनी फाइल सोडून मूळ नावानं नवी उघडतं. आता जुनीला कोणी धरलेलं नाही. मगच फाइल दाबणारी 'जीझिप' ही आज्ञा. आधी नाही, कारण जीझिपही शेवटी मूळ फाइल अनलिंकच करतं. दुसऱ्या डिस्कवर प्रत, दोन्हींचे चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे, जुळवा, जुळले तरच इथली काढा. लॉग फाइली बदलत ठेवणाऱ्या लॉगरोटेट या साधनातला 'कॉपीट्रंकेट' हा सोपा मार्ग बरेच जण सुचवतात: प्रत काढायची आणि मूळ फाइल जागच्या जागी शून्य करायची. या दोन क्रियांच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी गेल्याच. शिवाय प्रोग्रॅमनं फाइल 'शेवटी जोडत जा' या पद्धतीनं उघडलेली नसेल, तर तो जुन्याच अंतरावर लिहायला जातो आणि फाइलच्या पोटात भोक पडतं: फाइलींची यादी दाखवणारं 'एलएस' म्हणतं 40 जीबी, 'डीयू' म्हणतं काही केबी. इथे माझ्या घरच्यांनी वाचन सोडलं होतं, तर असो.

एक गोष्ट मात्र सोडू नका. वरचं सगळं डायरीवजा लॉगांबद्दल. डेटाबेसचा दुसराही एक लॉग असतो, तो माणसांसाठी नसतो. जुन्या पेढीवर आधी रोजकीर्द, मग खतावणी असायची. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेसही आधी कीर्दीत लिहितो, 16 एमबीच्या तुकड्यांत, आणि मग सवडीनं तक्त्यांत. वीज गेली तर कीर्दीवरून खतावणी पुन्हा लिहून काढतं. या कीर्दीच्या फोल्डरचं नाव पूर्वी 'पीजी एक्सलॉग' होतं. नावात 'लॉग' बघून जागेसाठी लोक तो फोल्डर पुसत आणि डेटाबेस घालवून बसत. 2017 मध्ये, दहाव्या आवृत्तीत, ते बदलून 'पीजी वॉल' करण्यामागे हेही एक कारण होतं. तिथे आपली स्क्रिप्ट नाही चालवायची. पोस्टग्रेस स्वतः 'आर्काइव्ह कमांड'ला, म्हणजे तुकडा दुसरीकडे जपून ठेवणाऱ्या आज्ञेला, हाक मारतं, आणि तिनं शून्य, म्हणजे 'काम झालं', हे उत्तर दिल्याशिवाय तो तुकडा सोडत नाही. काहीही झालं तरी शून्य सांगणारी स्क्रिप्ट म्हणजे न मिळालेल्या पैशाची पावती.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग 180 दिवस जपावे लागतात. जुने लॉग शोधून काढून टाकायला 'फाइंड' या आज्ञेला 'एमटाइम अधिक 180' सांगितलं तर तो अपुरे दिवस सोडून मोजतो, म्हणजे फाइल 181 दिवसांची झाल्यावरच उचलतो. इथे हा जादा दिवस सोयीची बाजू घेतो.

नव्या स्क्रिप्टची तक्रार रूटच्या पेटीत न जाता व्यवस्थापकांच्या मोबाइलवर जाईल अशी सोय केली. काम नीट झालं तरी कळवायचं, असं ठरलं. पहिल्या रविवारी रात्री अडीचला 'सर्व ठीक' असा निरोप त्यांना गेला, आणि तो मिळाला हे सांगायला त्यांनी मला अडीचलाच फोन केला.