गोचीड चावल्यावर होणारी मटणाची ॲलर्जी

हिला डॉक्टर लोक अल्फा-गॅल सिंड्रोम म्हणतात. अल्फा-गॅल ही एक साखर, बकरा, गाय, म्हैस, डुक्कर यांच्या अंगात असते, माणसात नसते, कोंबडीत-मासोळीतही नसते. गोचिडीच्या लाळेतून ती अंगात गेली की काही जणांचं शरीर तिच्याविरुद्ध आयजीई अँटिबॉडी (ॲलर्जी घडवणारं रक्तातलं प्रथिन) बनवतं, आणि पुढं मटण खाल्लं की बिघडतं.

शोधाचं श्रेय कोणाला यावर थोडा घोळ आहे. ऑस्ट्रेलियात शेरिल व्हॅन न्यूनेन यांनी गोचीड आणि मटणाचा संबंध साधारण २००७ ला मांडला, अमेरिकेत थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या गटानं २००८ ला सेटुक्सिमॅब या कॅन्सरच्या औषधावरून साखर पकडली, त्या औषधातही हीच साखर असते. टेनेसीकडच्या पेशंटना पहिल्याच सलाईनला रिॲक्शन यायची, म्हणजे अँटिबॉडी औषधाच्या आधीपासूनच होती. गोचीड त्यांची, साखर यांची, असं धरणं बरं. औषध शिरेतून गेलं की मिनिटांत त्रास आणि मटणाला मात्र २ ते ६ तास, ते का? साखर चरबीसोबत पचून हळूहळू रक्तात येते हे मत जास्त पटतं.

अमेरिकेत दोष लोन स्टार गोचिडीकडं जातो. आपल्या गोठ्यातल्या रिपिसेफॅलस, हायलोमा या गोचिडीच्या जाती वेगळ्या, तिकडचे आकडे इकडं लावू नये.

ओळखायचं कसं, तर पोळ्याच्या करीला रात्री नऊला मटण झालं, एक वाजता तळहात खाजून जाग आली, अंगभर गांधी, ओठ सुजलेले, पोटात मुरडा, उलटी. जेवण होऊन चार तास झालेले म्हणून मटणावर कोणी संशय घेत नाही, पित्त उठलं म्हणतात, गेरू लावतात. कधी गांधी उठतच नाहीत, नुसतं पोट दुखतं, आणि पावसाळ्यात मण्यार चावली तरी झोपेतून पोटदुखीनंच जाग येते, फक्त तिच्यात पापण्या जड होतात. घरी निवाडा करत बसू नये, दोन्हीत दवाखानाच.

आवाज घोगरा, धाप, चक्कर, बीपी खाली, यातलं काही दिसलं की १०८ ला फोन. पेशंटला आडवं ठेवावं, उठवून चालवू नये, धाप असेल तर टेकून बसू द्यावं. खरं औषध मांडीत दिलेलं ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन, खाजेच्या गोळीवर विसंबून राहू नये.

नंतर रक्तात अल्फा-गॅलची आयजीई तपासतात. काहींना दूध आणि जिलेटिनच्या कॅप्सूलही सोसत नाहीत. पुन्हा गोचीड चावली नाही तर अँटिबॉडी काही वर्षांत उतरू शकते, म्हणून बैल धुताना, गवत कापताना पायभर कपडा घालावा आणि चिकटलेली गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी, रॉकेल टाकू नये.