भोरच्या फ्रिजात टिकणारी एमआरएनए लस

भोरसारख्या तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस ठेवतात ती आयएलआर म्हणजे बर्फाच्या अस्तराच्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांवर. फायझरच्या सुरुवातीच्या कोविड लशीला मात्र उणे ६० अंशांच्याही खालची थंडी लागायची. तीही एमआरएनए लसच, म्हणजे पेशीला विषाणूचं एक प्रथिन बनवायला सांगणारा आरएनएचा संदेश. म्हणून पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने आपली एमआरएनए लस वाळवून कुपीत भरली. तिला जून २०२२मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली, आणि वर्षभराने ओमिक्रॉनसाठीच्या बूस्टरला. तो बूस्टर सुईविना, दाबाच्या बारीक धारेने त्वचेत देतात.

आरएनएचा घात करतं ते पाणी. त्याच्या साखरेवरचा एक हायड्रॉक्सिल गट शेजारच्याच फॉस्फेटवर चालून जातो आणि साखळी तुटते. कोरोनाच्या काटा-प्रथिनाचा संदेश सुमारे ४,००० अक्षरांचा. त्यात एक तुकडा पडला की प्रथिन अर्धवट राहतं. पाणी काढायचं तर सुक्रोज घालून द्रावण गोठवतात आणि निर्वातात बर्फाची थेट वाफ करतात. आरएनएला पेशीत नेणाऱ्या मेदकणांभोवती पाण्याची जागा साखर घेते. इथे घाई नडते: कप्पा लवकर तापवला तर कुपीतला पांढरा ‘केक’ खाली बसतो, कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. टोचण्याआधी द्रव घातल्यावरही कुपी हळूच गोल फिरवायची, खळखळवायची नाही.

जिनोव्हाचा आरएनए पेशीत स्वतःच्या प्रती काढतो, त्यामुळे मात्रा कमी लागते. याच जातीच्या, जपानने २०२३मध्ये मंजूर केलेल्या लशीचा डोस ५ मायक्रोग्रॅम. मॉडर्नाचा पहिला डोस होता १००. पण प्रती काढणारं यंत्रही संदेशातच कोंबावं लागतं आणि साखळी १०,००० अक्षरांपलीकडे जाते. जितकी लांब, तितकी तुटायला सोपी. शिवाय कारिको आणि वाइसमन यांना २०२३चं नोबेल मिळवून देणारी युक्ती, म्हणजे युरिडिन हे आरएनएचं एक अक्षर बदलून परक्या आरएनएवर वाजणारा पेशीचा गजर शांत ठेवणं, इथे सहसा चालत नाही, कारण बदललेलं अक्षर त्या यंत्राला नीट वाचता येत नाही. मग गजर वाजतो आणि पेशी प्रथिन बनवणंच आवरतं घेते.

श्वसनाच्या विषाणूंचा खरा पेच नाकात आहे. दंडातल्या इंजेक्शनने रक्तात आयजीजी हे प्रतिपिंड भरपूर तयार होतं, फुप्फुसं सांभाळली जातात. नाकाच्या अस्तरावरचं आयजीए हे प्रतिपिंड मात्र तुटपुंजं राहतं. म्हणून लस घेतलेल्यालाही सर्दी-खोकला होतो, आणि तो घरभर पसरतोही. मग एमआरएनए लस नाकातच का फवारत नाहीत? फवाऱ्याच्या ताणाने मेदकण फुटतात, आणि जे वाचतात ते शेंबडाच्या जाळ्यात अडकून घशाखाली जातात.