दात खाणे, मुलांमधील
झोपेत किंवा जागेपणी वरचे व खालचे दात नकळत एकमेकांवर घासले जाणे अथवा घट्ट आवळले जाणे. वैद्यकीय परिभाषेत यास ब्रुक्सिझम म्हणतात. मराठीत दातओठ खाणे हे संतापाचे लक्षण मानले जाते. झोपेत दात खाणाऱ्या मुलाचा मात्र रागाशी संबंध असेलच असे नाही, आणि सकाळी विचारले तर त्याला त्यातले काही आठवतही नाही. तक्रार असते ती शेजारी झोपणाऱ्यांची, कारण ‘करकर’ असा तो आवाज शांत खोलीत दात फुटतील की काय असे वाटण्याइतका मोठा येतो.

झोपेतील दात खाणे बहुतेक वेळा हलक्या झोपेत घडते. मेंदू क्षणभर जागेपणाकडे झुकतो, हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि लगेच गालातील चर्वणस्नायू लयीत आकुंचन पावू लागतात. काही सेकंदांत हे थांबते व रात्रीतून पुन्हा पुन्हा होते. त्यामुळेच झोप मोडणाऱ्या गोष्टींशी त्याचा संबंध दिसतो : घोरणे, वाढलेले टॉन्सिल व ॲडिनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागातील ग्रंथी), झोपेत श्वास अडखळणे, मनावरील ताण, तसेच काही औषधे. पोटात जंत झाल्यामुळे मूल दात खाते हा समज जुना आहे, पण त्याला भक्कम पुरावा नाही. केवळ आवाज ऐकून जंताचे औषध देण्यात अर्थ नाही.

पहिले दात आल्यानंतर कधीही ही सवय दिसू शकते आणि बहुतेक मुलांत ती पौगंडावस्थेपर्यंत आपोआप कमी होते. दुधाच्या दातांचे इनॅमल (दातावरील कठीण आवरण) कायमच्या दातांपेक्षा पातळ असल्याने झीज लवकर नजरेस येते : सुळ्याचे टोक बोथट होऊन तेथे चकचकीत सपाट ठिपका पडतो. हे दात पुढे पडणारच असल्याने किरकोळ झिजेवर सहसा उपचार करीत नाहीत. प्रौढांना दिली जाणारी, रात्री दातांवर बसवायची संरक्षक दंतपट्टी वाढत्या जबड्याच्या मुलांत शक्यतो टाळतात. झीज फार झाल्यास दातावर टोपी बसवितात.

सकाळी कानशिले किंवा जबडा दुखणे, गार-गरम पदार्थांनी दात शिवशिवणे आणि विशेषतः तोंड उघडे ठेवून घोरणे ही लक्षणे असल्यास तपासणी आवश्यक ठरते. अशा वेळी दातांइतकेच लक्ष मुलाच्या श्वसनमार्गाकडे द्यावे लागते.