टायटॅनियम केसचं घड्याळ (गोव्यात निवडताना)

ज्या मनगटी घड्याळाची बाहेरची केस स्टीलऐवजी टायटॅनियमची असते ते हे घड्याळ, आतलं मशीन नेहमीचंच, क्वार्ट्झ (सेलवर चालणारं) नाहीतर ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीवर चालणारं). टायटन हे कंपनीचं नाव, धातूचं नाही, दुकानात हा घोळ अजून होतो. असं पहिलं घड्याळ सिटिझनने १९७० साली काढलं, एक्स-८ नावाचं.

स्टीलची घनता घन सेंटीमीटरला साधारण ८ ग्रॅम, टायटॅनियमची ४.५, म्हणजे केस निम्म्याहून थोडी जास्त भरते, हातात घेतल्यावर पहिल्यांदा प्लास्टिकच वाटतं आणि गारही लागत नाही. पण गोव्यात वजनाचं कौतुक नंतर, आधी खारं वारं आणि घाम. घड्याळांत वापरतात ते ३१६एल जातीचं स्टील तसं चांगलं, तरी चेनच्या कड्यांत आणि मागच्या झाकणाच्या खाचेत मीठ साचून राहिलं की बारीक खड्डे पडू शकतात. टायटॅनियमवर ऑक्साईडचा पातळ थर असतो, खरचटला तर हवेत लगेच परत धरतो, त्यामुळे समुद्राचं पाणी त्याला काही करत नाही. निकेलने खाज सुटणाऱ्यांनाही हेच बरं, कारण ३१६एलमध्ये १० ते १४ टक्के निकेल असतं, फक्त पट्ट्याचं बक्कल स्टीलचं नाही ना ते बघा, नाहीतर खाज तिथे येते.

टायटॅनियमच्याही प्रती असतात, ग्रेड २ म्हणजे जवळपास शुद्ध टायटॅनियम, करड्या रंगाचं, मऊ, फेरीबोटीच्या कठड्याला एकदा घासलं की ओरखडा उठलाच. ग्रेड ५ मध्ये ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम, ते बरंच कडक, पॉलिशही छान धरतं, पण महाग. पृष्ठभाग कडक केलेलं मिळालं तर माझ्या मते ग्रेडपेक्षा त्यालाच जास्त पैसे द्यावेत. चुंबक लावून पारख करा म्हणतात त्यात अर्थ नाही, ३१६एललाही चुंबक फारसा चिकटत नाही.

आणि पाणी आत जातं ते केसमधून नाही, चावीच्या आणि झाकणाच्या रबरी रिंगमधून, ती टायटॅनियमची नसते. समुद्रात उतरणार असाल तर स्क्रूसारखी फिरवून घट्ट बसणारी चावी आणि पाण्यासाठी २०० मीटर लिहिलेलं घड्याळ घ्या, घरी येऊन नळाखाली धुवा, सेल बदलताना रिंगही बदलून घ्या. माझ्या घड्याळाचा सेल म्हापशात बदलला, रिंग जुनीच राहिली, जुलैत काचेखाली वाफ धरली आणि ऑगस्टपर्यंत तारखेची चकती गंजली, केस मात्र अजून कोरी आहे.